चेहऱ्यावर सुया फिरवण्याआधी



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे सोयरिकीची बोलणी सुरू होतात. त्या दिवसांत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते, हे आपल्याला नवीन नाही. बियाणं, शेळी, शाळेची फी, दवाखाना ही कारणं जुनीच आहेत. अलीकडे मात्र त्यात एक नवं कारण ऐकू येतं. "पोरीच्या तोंडावर मुरमाचे खड्डे आहेत, पाहुणे यायच्या आत ट्रीटमेंट करायची आहे." राणीसावरगाव, महातपुरी, कोद्री या बाजूच्या बैठकांत आम्हाला हा विषय दोन-तीन वेळा विचारला गेला. मोबाईलवर जाहिरात दिसते, बारीक सुया लावलेला रोलर गालावरून फिरवायचा आणि खड्डे जातात म्हणे. हे खरं का? पार्लरमध्ये करून घ्यावं का? रोलर घरी मागवला तर चालेल का? आणि यासाठी गटाने कर्ज द्यावं का?

या उपचाराला मायक्रोनीडलिंग म्हणतात. नीडल म्हणजे सुई आणि मायक्रो म्हणजे अगदी बारीक. आजच्या बोलण्यात आम्ही ते काय असतं, कशाला उपयोगी पडतं, कुठे धोका आहे आणि पैसे घालायच्या आधी काय बघायचं, हे एकेक करून सांगणार आहोत.

हे काम कसं करतं

कापसाच्या रानात पाऊस उघडल्यावर जमिनीची वरची खपली घट्ट होते. मग आपण कोळपं घालतो. वरचा थर फुटतो, हवा खेळते, पीक तरारून येतं. सुयांचा उपचार काहीसा असाच आहे. कातडीला हजारो बारीक छिद्रं पाडतात. शरीराला वाटतं, जखम झाली, भरून काढा. जखम भरताना कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचा नवा धागा तयार होतो. कातडीला घट्टपणा आणि भरीवपणा या धाग्यामुळेच येतो. खड्ड्याच्या तळाशी तो तयार झाला की खड्डा हळूहळू वर उचलला जातो.

म्हणजे हा उपचार मुद्दाम केलेल्या जखमेचा आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. फेशियल, ब्लीच, लेप ही कामं कातडीच्या वरून होतात. सुई कातडीच्या आत जाते आणि रक्तापर्यंत पोचते.

ही युक्ती फार जुनी नाही. १९९७ साली कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी टॅटू काढायचं यंत्र शाई न घालता जुन्या व्रणांवर वापरलं आणि व्रण सुधारल्याचं नोंदवलं. पुढे २००६ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले प्लास्टिक सर्जन डेसमंड फर्नांडिस यांनी सुया बसवलेला फिरता रोलर पुढे आणला. त्यालाच आज डर्मारोलर म्हणतात. नेहमीच्या रोलरवर १९२ सुया असतात. आता पेनासारखं विजेवर चालणारं यंत्रही निघालं आहे, त्याला डर्मापेन म्हणतात. त्याच्या टोकाची सुयांची टोपी बदलता येते.

सुई किती आत जाते यावर सगळं अवलंबून आहे. पोरांच्या शाळेच्या पट्टीवर सगळ्यात लहान घर असतं, ते एक मिलिमीटर. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या रोलरची सुई त्या घराच्या पाव भागाएवढी असते. ती जेमतेम वरच्या थरात जाते, म्हणून तिने खोल खड्डे भरत नाहीत. खड्ड्यांसाठी डॉक्टर साधारण एक ते दीड मिलिमीटर सुई वापरतात, कधी त्याहूनही जास्त. त्याला आधी भूल देणारं मलम लावून अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. उपचार होताना रक्ताचे बारीक ठिपके येतात.

कशाला उपयोग होतो, कशाला नाही

मुरूम जाऊन मागे राहिलेले उथळ, पसरट खड्डे हे या उपचाराचं खरं काम. कांजण्यांचे खड्डे, काही जुने व्रण, बारीक सुरकुत्या आणि बाळंतपणानंतर पोटावर राहिलेल्या रेघा यांनाही काही प्रमाणात फरक पडतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला लेझरच्या उष्णतेने काळे डाग पडायची भीती जास्त असते. सुयांत उष्णता नसते, म्हणून ती भीती कमी होते. पण ती पूर्ण जात नाही.

फरक एका दिवसात दिसत नाही. साधारण एक महिन्याच्या अंतराने तीन ते सहा वेळा जावं लागतं. नवा धागा तयार व्हायला आठवडे आणि महिने लागतात. पाहुणे पुढच्या रविवारी येणार असतील तर या रविवारी सुया टोचून काही होत नाही. उलट पाहुण्यांसमोर लालबुंद, सुजलेला चेहरा घेऊन बसावं लागेल. आणि शेवटीसुद्धा खड्डे कमी होतात, पुसले जात नाहीत. सुईने भोसकल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे तर याने फारसे हलतच नाहीत. "शंभर टक्के डाग गायब" असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

आता जे डाग खड्ड्याचे नाहीत त्यांचं बघू, कारण सगळ्यात मोठी गल्लत तिथेच होते.

वांग म्हणजे गालांवर आणि नाकावर पसरणारा काळपट-तपकिरी डाग. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि उन्हाने तो येतो किंवा वाढतो. वांगावर पहिला उपाय उन्हापासून बचाव हाच आहे. सुया टोचून चुकीच्या हाताने काम झालं तर वांग आणखी गडद होऊ शकतो.

मुरूम अजून चालू असतील, त्यात पू असेल, तर सुया अजिबात नाहीत. पू असलेल्या पुळीवरून रोलर फिरवला तर तोच संसर्ग सगळ्या तोंडावर पेरला जातो. आधी मुरूम आवरायचे, मग खड्ड्यांचा विचार करायचा. चामखीळ असेल तरी तेच, ती सुयांबरोबर पसरते. कोड असेल तर जखम झालेल्या जागी नवा डाग उठू शकतो.

आणि एक महत्त्वाचं. अंगावर किंवा तोंडावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न नाही. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. लगेच आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. असा चट्टा क्रीमखाली झाकून वर्ष घालवलं तर हातापायाची बोटं कायमची अधू होऊ शकतात.

कुणी हा उपचार टाळायचा

कान टोचल्यावर किंवा भाजल्यावर ज्यांच्या कातडीवर जाड, वाढत जाणारी गाठ उठते, त्यांनी सुयांच्या जवळ जाऊ नये. अशा कातडीवर प्रत्येक जखमेची गाठ होऊ शकते. साखरेचा आजार ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तापानंतर ओठांवर पुन्हा पुन्हा पाण्याच्या पुळ्या येत असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. गरोदर बाईने हे सगळं पुढे ढकलावं. लेकरू झाल्यावर बघता येतं, घाई कसली?

सुई कुणाची, रक्त कुणाचं

सुईची भीती आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण असायचं. गोंदणारी बाई जत्रेत बसायची आणि एकाच सुईने सगळ्यांना गोंदायची. तेव्हा त्या सुईतून काय जातं हे कुणाला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. म्हणूनच टॅटू काढल्यानंतर ठरावीक काळ रक्तपेढीत रक्त घेत नाहीत.

एका माणसाचं रक्त लागलेली सुई दुसऱ्याच्या कातडीत गेली की तीन मोठे रोग जाऊ शकतात. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. यात हिपॅटायटिस बी म्हणजे यकृताची कावीळ सगळ्यात चिवट. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. डोळ्याला रक्त दिसत नाही म्हणून रोलर स्वच्छ झाला असं होत नाही. गरम पाण्यात बुडवला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, एवढ्यानेही भागत नाही.

गुजरातमधल्या मोडासा गावात २००९ साली हिपॅटायटिस बी काविळीची मोठी साथ आली होती. माणसं दगावली. पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज हे कारण तपासात पुढे आलं. ती झाली दवाखान्यातल्या इंजेक्शनची गोष्ट. सौंदर्याच्या सुयांची गोष्ट अमेरिकेतली आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरात एका परवाना नसलेल्या सौंदर्य केंद्रात बायकांच्या अंगातलं रक्त काढून, त्याचा एक भाग सुयांच्या वाटे चेहऱ्यात घालायचं फेशियल चालायचं. २०१८ साली तिथे जाऊन आलेल्या एका बाईला एचआयव्ही निघाला. एचआयव्ही लागावा असं दुसरं काहीच कारण तिच्याकडे नव्हतं. तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यांना नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या. फ्रिजमध्ये खाण्याच्या जिनसांशेजारी रक्त ठेवलेलं होतं. पुढे आणखी बायकांना तोच रोग निघाला. सौंदर्याच्या सुयांतून एचआयव्ही गेल्याची ही पहिली नोंद असल्याचं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ साली जाहीर केलं.

अमेरिकेसारख्या देशात हे झालं. तिथेही कारण एकच होतं, कुणाची सुई कुणाला लागते यावर कुणाचं लक्ष नव्हतं.

घरचा रोलर

ऑनलाइन रोलर काही शे रुपयांत येतो. एक मागवायचा आणि नणंद, भावजय, शेजारीण अशा चौघींनी वापरायचा, हे बऱ्याच घरांत होऊ शकतं. आपण कंगवा वाटून वापरतो, क्लिप वाटून वापरतो, तसाच रोलर. मैत्रिणींनो, रोलर ही वाटून घ्यायची वस्तूच नव्हे. सख्ख्या बहिणीचाही नाही, आईचाही नाही.

दुसरं असं की स्वस्त रोलरच्या सुया लवकर बोथट होतात, टोकं वाकतात. वाकडी सुई छिद्र पाडत नाही, कातडी ओरबाडते. त्याचे रेघारेघांचे काळे डाग पडतात आणि मग ते घालवायला आणखी खर्च. जास्त फायदा होईल म्हणून काहीजणी मोठ्या सुईचा रोलर मागवतात. एक मिलिमीटरच्या पुढची सुई घरात वापरणं म्हणजे स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतःच शस्त्रक्रिया करणं आहे. आमचं सांगणं साधं आहे, रोलर घरी आणूच नका. त्याच्या बारीक सुईने खड्डे जात नाहीत आणि मोठ्या सुईने इजा होते. मग पैसे कशाला घालायचे?

वरून काय चोळताय

सुयांनी छिद्रं पडली की वर लावलेलं मलम नेहमीपेक्षा कितीतरी खोल जातं. कातडीच्या वर लावायला बनवलेलं सिरम असं आत गेल्यामुळे चेहऱ्यावर गाठी उठल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मग ज्या क्रीमवर नाव-गावच नाही, ती आत गेली तर काय होईल?

आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींची बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने गावातल्या पार्लरमधून गोरेपणाची क्रीम घेतली. रंग उजळला म्हणून आईने लावली, बहिणीने लावली. काही महिन्यांत तिघींच्याही किडनीला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी क्रीम तपासायला लावली, तेव्हा त्यात पारा निघाला. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून येणारा पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तिघींनी ती क्रीम फक्त वरून लावली होती, सुया नव्हत्या. तरी पारा किडनीपर्यंत गेला.

दुसरा धोका स्टेरॉइड असलेल्या मलमांचा. खाजेचं, नायट्याचं म्हणून मिळणारी ट्यूब काही दिवस लावली की तोंड उजळतं. मग सवय लागते. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, तोंडावर केस येतात, उन्हात आग होते. लावायचं बंद केलं की चेहरा आणखी पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. ट्यूबवर लाल उभी रेघ असेल तर समजा, हे औषध आहे, शृंगाराची वस्तू नव्हे. अशा पातळ झालेल्या कातडीवर सुया फिरवणं म्हणजे जीर्ण लुगड्यावर ब्रश घासणं.

कुठे जायचं, काय विचारायचं

आधी तपासणी, मग उपचार. गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा परभणीच्या सरकारी रुग्णालयात दाखवता येतं. त्वचेच्या तज्ज्ञांकडे जायचं असेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडच्या विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था ही मोठी सरकारी रुग्णालयं आपल्या चहूबाजूंना आहेत. केसपेपर काढून आधी एवढंच विचारा, हा डाग कशाचा आहे आणि याला साधं औषध आहे का? बऱ्याच पोरींना सुयांची गरजच नसते. मुरूम वेळेवर आवरले, नखाने फोडले नाहीत, तर खड्डे पडतच नाहीत. साध्या मलमावर भागणारं काम सुयांपर्यंत न्यायचं कशाला?

खाजगी दवाखान्यात जात असाल तर या गोष्टी तोंडावर विचारा. लाजू नका, पैसे आपले आहेत आणि चेहराही.

एक, डॉक्टर कोण? पाटीवर एम.डी. त्वचारोग, डी.डी.व्ही. किंवा डी.व्ही.डी. अशी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असावा. नुसतं "स्किन स्पेशालिस्ट" किंवा "कॉस्मेटोलॉजिस्ट" लिहिलं म्हणजे डॉक्टर झाले असं नाही.

दोन, सुई नवी आहे का? रोलर किंवा पेनची टोपी बंद पाकिटातून आपल्यासमोर फोडायला सांगा. काम झाल्यावर ती सुयांच्या डब्यात टाकलेली बघा. "तुमचीच आहे, पुढच्या वेळी धुऊन वापरू" असं कुणी म्हणालं तरी नको म्हणा.

तीन, सुई किती मिलिमीटरची आणि किती वेळा यावं लागेल? सगळ्या वेळांचा मिळून खर्च किती? औषधं धरून की वेगळी?

चार, भूल देणारं मलम कुठलं, किती भागावर लावणार? जास्त मलम मोठ्या भागावर लावून प्लास्टिकने झाकून ठेवलं तर ते रक्तात जातं आणि जिवावर बेतू शकतं. ते घरून लावून यायला सांगितलं तर नकार द्या.

पाच, काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, आणि डॉक्टर कोणत्या दिवशी असतात? महिन्यातून एकदा लॉजवर किंवा हॉलमध्ये शिबिर लावून निघून जाणाऱ्यांकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं.

उपचारानंतरचं ऊन

उपचार झाल्यावर दोन-तीन दिवस चेहरा लाल राहतो, उन्हात भाजल्यासारखी आग होते. मग कातडी कोरडी पडून किंचित सुटते. एवढं होणारच. पण लाली वाढत गेली, पू आला, ताप आला, पाण्याच्या पुळ्या उठल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

या दिवसांत ऊन, धूळ, घाम आणि चुलीची धग चेहऱ्याला लागता कामा नये. निदान एक आठवडा तरी. छिद्रं पाडलेली कातडी उन्हात गेली की सावळ्या चेहऱ्यावर काळे डाग धरतात आणि ते महिनोन् महिने राहतात. आता आपलं काम बघा. कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी, खुरपणी, ऊसतोड. रोजाने जाणाऱ्या बाईला किंवा तिच्या पोरीला आठ दिवस सावलीत कोण बसू देणार? आणि हे एकदा नाही, तीन ते सहा वेळा. जिला हे जमणार नाही तिने हा उपचार घेऊच नये. शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या मुलीला लागू पडणारा उपचार आपल्या रानात तसाच लागू पडेल असं नाही.

जे सगळ्यांना जमतं ते सांगतो. रानात जाताना तोंडाला सुती स्कार्फ किंवा पदर घट्ट बांधायचा, डोक्यावर टोपी घालायची. जमलं तर ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावायचं. मुरूम फोडायचे नाहीत, तोंडाला खोबरेल तेल थापायचं नाही. लिंबू, सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यावर चोळायची नाही. वांग आणि काळे डाग यांना यानेच निम्मा आळा बसतो.

गटाने कर्ज द्यावं का

हिशेब मांडू. खाजगी दवाखान्यात एका वेळेचे काही हजार रुपये पडतात. समजा ३,००० रुपये. चार वेळा म्हणजे १२,०००. पोरीबरोबर एकजण जाणार, त्यांचं गाडीभाडं, बुडलेला रोज आणि वरची क्रीम-औषधं धरली तर १५,००० च्या पुढेच जातं. गटाचं व्याज दोन रुपये शेकडा असेल तर पहिल्याच महिन्याला ३०० रुपये व्याजाचे. हा खर्च नुसता दिसण्यासाठीचा आहे. सरकारी विमा योजनेचा आधार याला धरू नका.

आमचं मत असं. गटाने सरळ नाही म्हणू नये. खड्ड्यांमुळे एखादी पोर कॉलेजला जात नसेल, आरसा टाळत असेल, चारचौघांत ओढणी तोंडावर ओढून बसत असेल, तर तिचं दुःख खोटं नाही. पण कर्ज मंजूर करताना गटाने दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, त्वचारोग तज्ज्ञांची लेखी चिठ्ठी आहे का? दुसरी, ही इच्छा पोरीची आहे की पाहुण्यांची? पाहुण्यांच्या अटीवर चेहरा दुरुस्त करायला निघालो तर उद्या ते दुसरी अट घालतील. चेहऱ्याचे खड्डे बघून उठून जाणारं घर पोरीचं कौतुक काय करणार?

पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी

गटातल्या काहीजणी पार्लरच्या कमाईवर घर चालवतात. त्यांच्याकडे डर्मापेन विकायला माणसं येतात. "एका गिऱ्हाइकाचे दोन हजार, महिन्यात मशीन फिटेल" असं सांगतात. एक दिवसाचं प्रशिक्षण आणि चौकटीत लावायला सर्टिफिकेट देतात. मोह होणं साहजिक आहे.

पण तो विकणारा एक गोष्ट सांगत नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. भूल देणारं मलम, रक्त काढणं, कातडीत सुया घालणं ही डॉक्टरांची कामं आहेत. एका गिऱ्हाइकाचा चेहरा बिघडला तर गावात पार्लर चालणार नाही, आणि पोलिसात तक्रार गेली तर विकणारा साक्षीला येणार नाही. सुई स्वतःच्या बोटाला लागायची भीती आहे ती वेगळीच.

पार्लरचं नाव वाढवायला दुसरे रस्ते आहेत. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावा. थ्रेडिंगचा दोरा तोंडात न धरता मानेला बांधून काम करा. टॉवेल वेगळा ठेवा. नाव, पत्ता, उत्पादन तारीख आणि परवाना क्रमांक असलेलीच क्रीम वापरा. आणि "हे माझं काम नाही, डॉक्टरांना दाखव" असं गिऱ्हाइकाला सांगा. असं सांगणाऱ्या पार्लरवर बायका जास्त विश्वास ठेवतात. रोज ब्लेड आणि दोरा हाताळणाऱ्यांनी हिपॅटायटिस बीची लस घ्यावी. मोठ्या माणसांना तिचे सहा महिन्यांत तीन डोस असतात.

आधीच करून घेतलं असेल तर

एखादीने दुसरीचा रोलर वापरला असेल किंवा जुन्या सुईने करून घेतलं असेल, तर घाबरून गप्प बसू नका. घटना तीन दिवसांच्या आतली असेल तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. जास्त दिवस झाले असतील तर रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. काविळीच्या दोन्ही तपासण्याही डॉक्टरांना विचारून करून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय पंधरा मिनिटं घ्या. वर सांगितलेले पाच प्रश्न गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पोरींनाही बसवून ऐकवा, कारण मोबाईल त्यांच्याच हातात आहे. कुणाच्या घरात रोलर असेल तर तो कचऱ्यात उघडा टाकू नका, घंटागाडीवाल्या बाईच्या हातात सुई रुतेल. जाड प्लास्टिकच्या डबीत घालून, झाकण घट्ट लावून आरोग्य केंद्रात विचारून द्या.

पुढच्या वेळी नवा विषय घेऊन येऊ. तोवर रानात जाताना तोंडाला स्कार्फ बांधायला विसरू नका. नमस्कार.